चाळीतली लाकडी जमीन आणि उडणारी सुई: टर्नटेबलखाली काय घालावं?

तबकडी३३
गिरगावातली जुनी चाळ, दुसरा मजला, तुळयांवर फळ्यांची जमीन. साडेपाच किलोचं बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल कपाटावर आहे, दोन्ही स्पीकरही त्याच कपाटावर. कुणी चाललं की सुई उडते. आवाज वाढवला की खर्जात ‘घूं’ धरतं. स्क्वॉशचे चेंडू, सायकलची ट्यूब की स्प्रिंगा? दीड हजारात बसवायचं आहे.

खर्जप्रेमी
हे दोन वेगळे आजार आहेत. आधी तपासा: मोटर बंद, थांबलेल्या तबकडीवर सुई, आणि आवाज अगदी हळू वाढवा. ‘घूं’ सुरू झालं की तत्काळ कमी करा, नाहीतर वूफर (खर्जाचा स्पीकर) जाईल. हा स्पीकरचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज सुईत शिरून पुन्हा स्पीकरमधून बाहेर येणं. स्पीकर कपाटावरून खाली स्टँडवर घ्या, वाजवताना टर्नटेबलचं झाकण काढून ठेवा. निम्मं काम फुकटात होतं.

चालण्याचं मात्र ट्यूबने बिघडेल. पावलं सेकंदाला दोनच्या आसपास पडतात, ट्यूब किंवा स्प्रिंग स्वतः ३ ते ५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३ ते ५ वेळा डोलते. मऊ आधार आपल्या डोलण्याच्या वेगाच्या १.४ पटीवरचेच हादरे अडवतो. त्याखालचे सरळ वर पोचतात, आणि डोलण्याच्या जवळ आले तर वाढूनच. जमीन हलणारी असेल तर टर्नटेबल जमिनीवरून सोडवा, भिंतीवर न्या.

तबकडी३३
गॅलरीकडची भिंत विटांची आहे, खोल्यांमधली लाकडी पार्टिशन. फीडबॅकसाठी मग ट्यूब नकोच का?

मिस्त्रीबुवा
पार्टिशनला हात लावू नका, तेही जमिनीबरोबर हलतं. विटांच्या भिंतीत त्रिकोणी लोखंडी ब्रॅकेट दोन, प्रत्येकी किमान ४० किलो पेलणारे. जुन्या इमारतीत प्लास्टर इंचभर जाड असू शकतं आणि स्क्रू विटेत ५० मिमी तरी जायला हवा, म्हणून १०० मिमीचा स्क्रू आणि तसाच लांब नायलॉन प्लग घ्या. भोक विटेच्या मध्यावर पाडा. सांध्यातला चुना भुगा होऊन प्लग सैल पडतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, मऊ वीट फुटते. फळी १९ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात न सुटणाऱ्या) प्लायची, ५० बाय ४० सेंमी, कडांना पॉलिश. एमडीएफ पावसाळ्यात फुगतं.

खर्जप्रेमी
भिंतीवर ट्यूब चालेल, कारण पावलं तिथवर फारशी पोचत नाहीत. लहान मुलांच्या सायकलची १२ इंची ट्यूब घ्या. दगडवाल्याकडून कडप्प्याचा तुकडा आणा, ४५ बाय ३५ सेंमी, २० मिमी जाड. तो साडेआठ किलोच्या आसपास भरतो. बोटाने टणटण वाजला तर खाली ३ मिमी कॉर्क चिकटवा.

ट्यूब फळीवर, व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला. वर कडप्पा, त्यावर टर्नटेबल. आता हवा. सगळ्यांची चूक इथेच होते: ट्यूब टम्म फुगवतात, मग ती लाकडाच्या ठोकळ्यासारखी वागते. वजन ठेवल्यावर फळी आणि दगड यांत दोन-अडीच सेंमी फट राहील इतकीच हवा भरा. दाब १ पीएसआयच्या आतच असतो, टायरचा गेज तो दाखवणार नाही; पट्टीनेच मोजा. दगड एका बाजूला कलला तर हवा वाढवू नका, टर्नटेबल जड बाजूच्या उलट सरकवा, स्पिरिट लेव्हल प्लॅटरवर (फिरणाऱ्या थाळीवर) ठेवून.

मग दगड हलकेच दाबून सोडा आणि मोबाइलवर स्लो-मोशन चित्रित करा. सेकंदाला ४-५ हेलकावे ठीक. ८ ते १२ झाले तर हवा काढा, कारण आर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला ठोकळा) यांचा स्वतःचा अनुनाद साधारण तिथेच असतो, दोन्ही जुळले की सुई खोबणीत थरथरते.

मिस्त्रीबुवा
स्क्वॉशचे चेंडू धोबी तलावला मिळतील, पण वजन कमी पडलं तर ते कडकच राहतात, आणि पुरेसं पडलं तर काही महिन्यांनी बसके होतात. त्यापेक्षा ट्यूब बरी. फट मात्र दर आठवड्याला मोजा, हवा थोडी थोडी उतरतेच. दगड पॉलिश केलेला असेल तर रबराचा काळा डाग पडतो. मध्ये जुन्या सुती चादरीचा तुकडा घाला. सिग्नलची वायर ताणलेली ठेवू नका, सैल वळसा द्या. ताठ वायर भिंतीचे हादरे थेट टर्नटेबलपर्यंत आणते.