पॉवरबॉलचं तिकीट मुंबईत बसून काढता येतं का? आणि सरकारी लॉटरी नक्की चालवतं कोण?

लोअरपरळवाला
मंडळी, ऑफिसात सध्या एकच विषय चाललाय. एका कलीगने कुठलं तरी ॲप टाकलंय, त्यावर म्हणे अमेरिकेची पॉवरबॉल लॉटरी इथे बसून खेळता येते आणि हा पठ्ठ्या रोज जेवताना जॅकपॉटचा आकडा वाचून दाखवतो. माझं लॉटरीचं ज्ञान म्हणजे स्टेशनबाहेरचा स्टॉल आणि म्हाडा, नशीब दोन्हीकडे सारखंच. तर सरकारी लॉटरी म्हणतात ती बाहेर सरकार स्वतः काढतं की कंपनीला देऊन टाकतं? टॅक्स जाऊन हातात किती पडतात? आणि ते ॲप लीगल आहे का हे आधी सांगा, कारण बाकीचे दोघेपण आता पैसे भरायच्या बेतात आहेत.

हिशोबनीस
आधी ॲपचंच घेतो. फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, त्याखालचे २००० चे नियम आहेत, त्यात कशासाठी परकीय चलन बाहेर पाठवायचंच नाही त्याची यादी दिलीय आणि लॉटरीचं तिकीट त्या यादीत नाव घेऊन लिहिलंय. ‘कार्डाने भरलं, मग काय होतंय’ असं चालत नाही. वर अशी बरीच ॲप्स तुमच्या नावाने खरंच तिकीट घेतात की नुसताच आकडा दाखवतात हे तुम्हाला इथे बसून कळणार कसं? मित्राला सांगा, गप जेव.

ठाणेकर_ताई
पॉवरबॉल वॉशिंग्टनवालं केंद्र सरकार चालवत नाही हं, राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र येऊन चालवतात. ४५ राज्यं आहेत त्यात. गंमत म्हणजे लास वेगास ज्या नेवाडात आहे तिथे राज्याची लॉटरीच नाही!! ६९ मधले ५ आकडे आणि २६ मधला १ जुळवायचा, म्हणजे जॅकपॉटची शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक. आणि जाहिरातीतला आकडा एकदम मिळत नाही, तो ३० हप्त्यांत मिळतो. एकरकमी हवा तर बराच कमी. नोव्हेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात २०४ कोटी डॉलरचा जॅकपॉट लागला त्याचे रोख १०० कोटी डॉलरच्याही आत होते, आणि फेडरल टॅक्स त्यातून वेगळा.
ब्रिटनमध्ये उलटं. तिथे सरकार लायसन्स देतं आणि कंपनी चालवते. १९९४ पासून कॅमेलॉट होती, २०२४ पासून ऑलविन आहे. जिंकलेल्या रकमेवर इन्कम टॅक्स शून्य, पण तिकीट विक्रीवर सरकार १२ टक्के ड्यूटी आधीच घेऊन टाकतं, शिवाय एक हिस्सा खेळ, कला, जुन्या वास्तू वगैरेंना जातो, लंडन ऑलिंपिकला पण यातले पैसे गेले होते.

वाशीचा_बंड्या
आपल्याकडचं पण सांगा की कुणीतरी, की मीच सांगू. १९६७ ला केरळने सुरुवात केली, १९६९ ला महाराष्ट्राने. आपली राज्य लॉटरी वित्त विभागाखाली येते, ऑफिस आमच्या वाशीला. १९९८ च्या केंद्राच्या कायद्यात आहे की सोडत राज्यानेच काढायची, एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त नाही, बंपर वर्षाला सहाच, आणि एक आकडी लॉटरी बंद. ते शेवटचं बरं झालं, एक आकडी म्हणजे सरकारी शिक्क्याचा मटकाच होता तो. लॉटरी ठेवायची की नाही हे मात्र राज्याच्या हातात, तामिळनाडूने २००३ ला बंद केली, कर्नाटकाने २००७ ला.
आता टॅक्स. केरळच्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटी, तिकीट ५०० रुपये. त्यातले १० टक्के एजंटचं कमिशन, उरले साडेबावीस, त्यावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे पावणेसोळा कोटी, आणि पुढे सरचार्ज-सेस स्वतः भरायचा तो वेगळाच. बेसिक सूट वगैरे काही नाही, आधी फुकट गेलेल्या हजार तिकिटांचा खर्चपण वजा होत नाही. तिकिटावर जीएसटी २८ होता तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय.

हिशोबनीस
आणि केरळ लॉटरी ऑनलाइन विकत नाही, फक्त कागदी तिकीट. व्हॉट्सॲपवर ‘केरळ लॉटरी’ म्हणून लिंक आली की सरळ ब्लॉक.

चाळीतला_नंदू
मला तर स्पेनची ख्रिसमस लॉटरी आवडते. १८१२ पासून चालू आहे, २२ डिसेंबरला सोडत असते आणि शाळेची पोरं आकडे आणि बक्षिसं गाऊन सांगतात, तासन् तास. एका तिकिटाचे दहा भाग करून विकतात, एक भाग २० युरोचा, त्याला पहिल्या बक्षिसाचे ४ लाख युरो मिळतात. एकच नंबर अख्ख्या गावाने किंवा ऑफिसने घेतलेला असतो, त्यामुळे लागला तर पूर्ण गल्लीला लागतो. ४० हजार युरोच्या वर २० टक्के टॅक्स, एवढंच. एकाच माणसाला डोंगरभर पैसे देण्यापेक्षा हे बरं वाटतं बुवा.

लोअरपरळवाला
धन्यवाद सगळ्यांना. फेमाचं सांगितल्यावर दोघे गप झाले, तिसरा म्हणतो ‘लागल्यावर बघू’. पण नंदूभाऊ, ते स्पेनसारखं आम्ही दहा जणांनी मिळून राज्य लॉटरीचं एक तिकीट घेतलं तर चालेल ना?

हिशोबनीस
घ्या की. फक्त तिकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ग्रुपवर टाका आणि कोणाचे किती पैसे ते त्याच मेसेजमध्ये लिहा, सोडतीच्या आधी. नंतर लिहिलेलं कोणी मानत नाही.