टी१ मूत्राशय कर्करोग: केआय-६७, पी५३ रिपोर्टमध्ये कसे लिहावे?

फोंडा_हिस्टो:
टीयूआरबीटीचे (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडलेल्या गाठीचे) तुकडे मडगाव, साखळीहून येतात. 'हाय ग्रेड, टी१' (आक्रमक दिसणारी, अस्तराखालच्या थरात शिरलेली पण स्नायूत न गेलेली गाठ) लिहिले की युरॉलॉजिस्ट केआय-६७, पी५३ आणि सायक्लिन डी१ या प्रथिनांचे स्टेन (आयएचसी) मागतात. बीसीजी (मूत्राशयात सोडायची लस) द्यायची की मूत्राशयच काढायचे, ते यावर ठरेल का? केआय-६७ला २० टक्क्यांची रेषा धरावी का? शिवाय पावसाळ्यात रिट्रीव्हलवेळी (स्टेनआधी गरम बफरमध्ये ठेवताना) सेक्शन (तुकड्याचे पातळ काप) काचेवरून सुटतात.

पणजी_युरोपॅथ:
नाही, एवढ्यावर ठरवू नका. सायक्लिन डी१ हे सीडीके४/६ या एन्झाइमसोबत आरबी प्रथिनाचा ब्रेक सोडवते आणि पेशी जी१ (वाढीच्या) टप्प्यातून एस (डीएनए दुप्पट होण्याच्या) टप्प्यात शिरते. पण लो ग्रेड टीए (अस्तरापुरत्याच) गाठींतही ते भरपूर दिसते, त्यामुळे 'पॉझिटिव्ह' म्हणजे 'वाईट' असे होत नाही. केआय-६७ जी० (विश्रांतीचा टप्पा) सोडून सर्व टप्प्यांत असते. किती पेशी चक्रात आहेत एवढेच ते सांगते. युरोपियन युरॉलॉजी संघटनेच्या जोखीम गटांत स्टेज, ग्रेड, सीआयएस (अस्तरातच सपाट पसरलेला हाय ग्रेड कर्करोग), ७०च्या वरचे वय, अनेक गाठी आणि ३ सेंमी किंवा मोठी गाठ धरतात. हे मार्कर त्यात नाहीत.

२०ची रेषाही नको. प्रत्येक अभ्यासाने आपापली रेषा आखली आहे. हॉटस्पॉटमध्ये (सर्वाधिक रंगलेल्या भागात) १००० ट्यूमर पेशी मोजा, टक्केवारी आणि अँटिबॉडीचा क्लोन लिहा. लिम्फोसाइट वगळा. शस्त्रक्रियेच्या करंटने जळलेली कड तर मोजूच नका, तिथे केंद्रके लांबट होऊन रंग खोटा धरतात.

म्हापसा_आयएचसी:
सेक्शन सुटण्याबद्दल: ३ ते ४ मायक्रॉन जाडी, पॉझिटिव्ह चार्जच्या स्लाइड, आणि सेक्शन तरंगवायच्या पाण्यात जिलेटिन अजिबात नको. स्लाइड उभ्या ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, मग ६० अंशांवर तासभर. आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत स्लाइडचा डबा सिलिका जेलसह बंदच ठेवा. सिट्रेट बफर पीएच ६, ९५ ते ९८ अंश, २० मिनिटे. खळखळून उकळला की तुकडा उठतोच. नंतर २० मिनिटे त्याच बफरमध्ये थंड होऊ द्या.

लांबून येणारा तुकडा सलाइनमध्ये पाठवू नका, असे ओटीला कळवा. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या दहापट, ६ ते ७२ तास. केआय-६७साठी प्रत्येक रनला टॉन्सिलचा कंट्रोल हवाच.

फोंडा_हिस्टो:
मग पी५३ बंदच करायचे का?

पणजी_युरोपॅथ:
सपाट म्यूकोसात (अस्तरात) सीआयएस की रिअॅक्टिव्ह (दाहाने बदललेल्या पेशी), हा प्रश्न असेल तेव्हा जरूर लावा, सोबत सीके२० आणि सीडी४४ हे मार्कर. जवळजवळ सर्व केंद्रकांत गडद रंग म्हणजे असामान्य. अजिबात रंग नसणेही असामान्य, पण शेजारच्या स्ट्रोमात (आधार ऊतीत) फिकट रंग दिसला तरच. नाहीतर तो स्टेनच फसलेला असतो. कुठेकुठे फिकट-गडद असेल तर वाइल्ड टाइप (सामान्य).

आणि टी१च्या रिपोर्टमध्ये डिट्रुसर स्नायू (मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू) तुकड्यात आला आहे का, हे ठळक लिहा. टी१मध्ये, आणि स्नायू नसेल तर विशेषच, २ ते ६ आठवड्यांत पुन्हा टीयूआरबीटी लागते. पेशंटचा पैसा आधी तिथे जाऊ दे.