लॉइटर करणं म्हणजे घिरट्या की रेंगाळणं?

शब्दखुळी:
एका मासिकासाठी अमेरिकेच्या रीपर ड्रोनवरचा लेख मराठीत आणतेय, आणि एका वाक्याने दोन दिवस खाल्ले. विमान एका घरावर रात्रभर 'लॉइटर' करत होतं, असं ते वाक्य. मी लिहिलं, 'घरावर रात्रभर घिरट्या घालत होतं.' संपादकांनी घिरट्या खोडून 'रेंगाळत होतं' केलं. त्यांचं म्हणणं, घिरट्या घार घालते, त्यात झडप आधीच आली. मूळ शब्द थंड आहे. मला मात्र रेंगाळणं म्हटलं की शाळा सुटल्यावर चिंचेखाली थांबलेली पोरं दिसतात. २० मीटर पंखांचं, हेलफायर क्षेपणास्त्रं टांगलेलं धूड रेंगाळेल कसं?

कोंबडीवाला:
घिरट्याच. घार दिसली की आजी ओरडायची, "पिल्लं झाका गं!" रेंगाळणाऱ्याला बघून कोणी पिल्लं झाकत नाही.

निवृत्त तंत्रज्ञ:
ताई, लॉइटर हा उड्डाणातला साधा कामाचा शब्द आहे. एका ठिकाणावर, कमीत कमी इंधन जाळत, होईल तितका वेळ टिकायचं. अख्खं विमान याच एका गोष्टीसाठी बेतलंय. रीपरचा थोरला भाऊ प्रेडेटर पाहा. त्याला ११५ अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन, म्हणजे हौशी लोकांच्या हलक्या विमानांना बसवतात त्या जातीचं. पंख लांब आणि निमुळते, इंजिन नसलेल्या ग्लायडरसारखे. वेग बेताचा, पण २४ तास वर राहायचा. त्याचा मूळ आराखडा अब्राहम करेम यांचा. जन्म बगदादचा, वाढले इस्राएलमध्ये, आणि अमेरिकेत जाऊन घराच्या गॅरेजमध्ये सुरुवात केली. न कोसळता खूप वेळ वर राहणारं विमान बनवायचं, हा त्यांचा ध्यास. म्हणून माझं मत 'ठाण मांडणे'.

कोंबडीवाला:
काका, ठाण मांडायला बूड टेकावं लागतं. हे थांबलं तर पडेल.

पुणेकर३०:
मुंबईत धावपट्टी मोकळी नसली की आपलीच वर्तमानपत्रं 'विमानाच्या तासभर घिरट्या' छापतात. त्यात कोणी झडप घालत नसतं. आतल्या दीडशे माणसांना फक्त घरी जायचं असतं. तेव्हा घिरट्यांत हेतू असतो हे संपादकांचं म्हणणं काही टिकत नाही.

मायबोलीसेवक:
मुळात 'ड्रोन' कशाला? मानवरहित विमान हा चांगला शब्द आहे. सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसले होते. आज कोणी 'मेयर' म्हणतं का?

निवृत्त तंत्रज्ञ:
मानवरहित म्हणजे निव्वळ चुकीची माहिती. रीपरला दोन माणसं लागतात. एक वैमानिक, दुसरा कॅमेरा आणि लेझर सांभाळणारा. हेलफायर सुटल्यापासून आदळेपर्यंत लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवायचा, ते त्या दुसऱ्याचं काम. आम्ही गमतीने त्याला 'टिळा लावणं' म्हणायचो. ही जोडी अमेरिकेत, नेव्हाडात क्रीच तळावर बसायची आणि विमान असायचं अफगाणिस्तानावर. संदेश उपग्रहामार्गे जात, त्यात एक-दोन सेकंदांची ढिलाई येई. तेवढ्या ढिलाईत विमान उतरवता येत नसे. म्हणून उड्डाणाला आणि उतरवायला तिकडे धावपट्टीजवळ वेगळी जोडी ठेवत, थेट रेडिओवर चालवणारी. एवढी माणसं असून मानवरहित? खुद्द अमेरिकी हवाई दल त्याला 'दुरून चालवलेलं विमान' म्हणतं.

पुणेकर३०:
थोडक्यात, मानव वर्क फ्रॉम होम आहे.

मायबोलीसेवक:
थट्टा करा. माणूस विमानात नाही म्हणून विमान मानवरहित, इतकं सरळ आहे. निर्जल उपवास करणाऱ्याच्या घरात माठ भरलेला असतोच की.

मधपाळ (महाबळेश्वर):
ड्रोन शब्दावर आमचा हक्क पहिला. ड्रोन म्हणजे मधमाश्यांतली नर माशी. ती मध गोळा करत नाही, पोळं राखत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला डंखच नसतो. राणीशी मीलन झालं की मरते. क्षेपणास्त्रं मारणाऱ्या यंत्राला हे नाव कोणी दिलं असेल?

निवृत्त तंत्रज्ञ:
नाव पडलं तेव्हा त्याला खरंच डंख नव्हता. इंग्रजांनी १९३५ च्या सुमारास तोफांच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं विमान केलं, नाव 'क्वीन बी'. वर उडायचं आणि खालच्यांनी त्यावर नेम धरायचा. अमेरिकनांनी तसलंच काही करायला घेतलं आणि राणीच्या मागोमाग नर आला, अशी हकीकत सांगतात. आपल्या डीआरडीओच्या अशाच सरावाच्या विमानाचं नाव 'लक्ष्य' आहे. प्रेडेटरला क्षेपणास्त्र बसलं २००१ मध्ये. त्याआधी तो नुसता बघायचा. नावातही ते दिसतं. आधी 'आरक्यू-१' होता, आर म्हणजे टेहळणी. हत्यार आल्यावर 'एमक्यू-१' झाला, एम म्हणजे अनेक कामांचा.

मधपाळ (महाबळेश्वर):
म्हणजे नराला डंख फुटला. आमच्या धंद्यात असं झालं तर पेट्या विकून टाकीन.

गडभटक्या:
शब्दच शोधताय तर 'हेरॉन' घ्या! आपल्या सैन्याकडे असलेलं इस्राएली ड्रोन. त्यात आपला 'हेर' आहेच. संस्कृत तिकडे पोचलं होतं याचा पुरावाच.

शब्दखुळी:
अहो, हेरॉन म्हणजे बगळा.

पुणेकर३०:
उलट बगळाच जास्त शोभतो. एका पायावर तासन्‌तास ध्यानस्थ, आणि लक्ष सगळं माशावर. 'बकध्यान' घ्या ताई, प्रश्न मिटला.

गडभटक्या:
बरं. पण डीआरडीओचा 'रुस्तम' तरी सोहराब-रुस्तममधला ना?

निवृत्त तंत्रज्ञ:
नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतले रुस्तम दमानिया, त्यांच्या स्मरणार्थ. पुढे रुस्तम-२ चं नाव 'तपस' केलं.

वकीलीणबाई:
टेहळणीवरून आठवलं. मराठीत हल्ली टेहळणी, पाळत, हेरगिरी सगळं एका पातेल्यात कालवतात. टेहळणी मुलखावर असते. बुरुजावरचा माणूस कोण येतंय ते बघतो, त्याच्या मनात अजून कोणी ठरलेला नसतो. पाळत माणसावर असते. नाव ठरलेलं असतं. हे विमान सीमेवर फिरतं तेव्हा टेहळणी. एका घरावर रात्रभर थांबलं की ती पाळत. ताईंच्या वाक्यात क्रियापद बदलण्यापेक्षा हे आलं पाहिजे.

शब्दखुळी:
हे फार चांगलं सांगितलंत. पण 'घरावर रात्रभर पाळत ठेवली' म्हटलं की विमान वाक्यातून गायब होतं. गल्लीच्या तोंडाशी पानवाला उभा केल्यासारखं वाटतं.

संत्रानगरी:
नागपूरचा उल्लेख नाही म्हणजे चर्चा अर्धवट! 'नागास्त्र-१' आमच्याकडे बनतं. २०२४ च्या जूनमध्ये सैन्याला पहिली १२० दिली, मागणी ४८० ची. तेही लॉइटर करणारंच शस्त्र आहे. वर फिरत राहतं, लक्ष्य दिसलं की त्यावर जाऊन फुटतं. बातम्यांत सगळे 'आत्मघाती ड्रोन' लिहितात आणि माझं डोकं फिरतं. लक्ष्य सापडलं नाही तर ते परत बोलावता येतं, पॅराशूटने उतरतं. पॅराशूट घेऊन आत्मघाताला कोण जातं?

मायबोलीसेवक:
आणि आत्मा कोणाचा, हाही प्रश्न आहेच. पाहा, तद्भव-तत्सम सोडून धेडगुजरी केलं की असं होतं.

संत्रानगरी:
आत्मघाती शुद्ध तत्समच आहे हो भाऊ.

पुणेकर३०:
तो ड्रोन की ते ड्रोन, हे आधी ठरवा. माझ्या भावाच्या लग्नात 'तो' होता.

कोंबडीवाला:
गावठाण मोजायला आला तेव्हाही 'तो ड्रोन आला'. सगळी पोरं मागे धावली. 'ते' म्हणणारे मनात विमान म्हणतात.

ओवी:
सगळं वाचलं. घिरट्या आणि लॉइटरमधला फरक मला हेतूचा वाटत नाही. बघणारा कुठे उभा आहे, त्याचा आहे. घिरट्या खालून दिसतात. मान वर करणाऱ्या माणसाचा तो शब्द आहे, कोंबडीवाल्यांच्या आजीचा. घारीला विचारलंत तर ती म्हणेल, मी वाऱ्यावर टिकून आहे. लॉइटर हा घारीचा शब्द. मराठीत घारीच्या बाजूचा शब्द नाही, कारण आपण कायम अंगणात होतो.

गडभटक्या:
आपणही अटकेपार गेलो होतो.

ओवी:
घोड्यावरून.

शब्दखुळी:
ओवी, गोची अशी आहे की मूळ लेख नेव्हाडातल्या खुर्चीतूनच लिहिलाय. त्या घरातल्या कोणाचं एक वाक्य त्यात नाही. म्हणजे तुमच्या हिशेबाने संपादक बरोबर ठरतात, आणि माझ्या घिरट्या म्हणजे मी लेखकाला न विचारता अंगणात उतरवणं झालं. पण मग रेंगाळणं तरी कुठे खुर्चीतलं आहे? लेख उद्या द्यायचाय. शिवाय 'रीपर'चा अर्थ कंसात द्या म्हणतायत. कापणीवाला लिहू? त्यांना हातात विळा घेतलेला मृत्यू अभिप्रेत आहे, आपला यम तर रेड्यावर गदा आणि पाश घेऊन येतो.

संत्रानगरी:
आमच्याकडे रीपर म्हणजे सोयाबीन कापायचं यंत्र. भाड्याने मिळतं.

सुतारकाका:
रीपर लाकडाची पट्टी असते. कौलांखाली ठोकतात. सागाची घ्या, बाकीची दोन पावसाळ्यांत वाकते.

मधपाळ (महाबळेश्वर):
काका, पेट्यांच्या झाकणाला कुठली चालेल?