मातीत पुरता येईल असं झबल्याचं कापड कुठलं घ्यावं? (सांगली)

सुईदोरा: विश्रामबागला घरीच झबली-टोपरी शिवते. एका गिऱ्हाइकानं ६० झबली सांगितलीत, अट एकच: वापरून झाली की मातीत पुरता आली पाहिजेत. दुकानदार 'बांबू कॉटन' दाखवतोय, दर मलमलच्या जवळजवळ तिप्पट. घ्यावं का?

मागवाला_विटा: ताई, बांबू म्हणून विकतात ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्याची तार काढतात. कुजतं, त्यात खोट नाही. पण ते रसायन कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जातंतूंना घातक. लायोसेल (लाकडाच्या लगद्याचा तसाच धागा) त्यापेक्षा बरं, त्यात लगदा विरघळवणारं रसायन ९९ टक्क्यांहून जास्त परत वापरतात. पण झबल्याला कशाला एवढं? मलमल घ्या. फक्त ताणा आणि बाणा (उभे नि आडवे दोरे) सुटे काढून वेगवेगळे जाळून बघा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर आक्रसून कडक मणी होतो. एक दोरा सुती नि दुसरा मिक्स असला तर हाताला पत्ता लागत नाही.

सुईदोरा: बांबूचा तुकडा जाळला, राखच झाली. म्हणजे खरा?

मागवाला_विटा: नाही हो! व्हिस्कोसपण सुतासारखंच जळतं, दोन्ही सेल्युलोजच (झाडातला तंतू). जाळून फक्त प्लास्टिक सापडतं.

माणदेशी: कापडाचं झालं, रीळ कुठलं वापरता? मी मांजरपाटाची फाटकी पिशवी परसात पुरली होती. पावसाळ्यानंतर उकरलं तर कापडाचा भुगा आणि शिवण जशीच्या तशी, पिशवीचा सांगाडाच म्हणा. रीळ पॉलिएस्टरचं होतं ना. इलॅस्टिक, टिचबटण, सॅटिनचं लेबल, सगळ्यांची तीच गत. झबल्याला सुती बंद लावा, आज्जी लावायची तसे. (थंडीत लोकर चालेल, तीही कुजते. पण आमच्या म्हसवडच्या घोंगड्याची बाळाला नको, टोचेल.)

सुईदोरा: बंद डोक्यातच आले नव्हते. पण सुती रीळ मशीनवर सारखं तुटतं.

शिवणकाकू: वरचा ताण सैल कर, सुई नवी घाल. मलमल आधी रात्रभर भिजव, आटते ती. आणि आपल्या सांगलीची म्हणून हळदीत रंगवायला जाऊ नकोस, चार उन्हं लागली की उडते.

सुईदोरा: ताण सैल केल्यावर चाललं, काकू! टोपऱ्याच्या इलॅस्टिकचं काय करू? नाडी गळ्याशी नको वाटते.

शिवणकाकू: नाडी नकोच. मागं चुण्या घाल आणि माप अर्धा इंच सैल धर.