विषय: देवगडच्या केंद्राची वर्गणी

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.
ठरल्याप्रमाणे देवगडला मनःस्वास्थ्य केंद्रासाठी एक खोली बांधून द्यायची आहे. दर्शनी भिंतीवर देणगीदारांची पाटी लागेल. आकडे गणपतीपूर्वी कळवा. वहिनी तिकडेच आहेत, त्यांनी जागा बघून घ्यावी.

प्रेषक: वहिनी, मुक्काम देवगड

भाऊ, जागा बघितली. झकास आहे, समुद्र दिसतो. पण त्या खोलीत येणार कोण? रत्नागिरीला मनोरुग्णालय असल्यामुळे इथे "ह्येका रत्नागिरीक धाडूक व्हया" एवढं कुणी म्हटलं की त्या माणसाचा निकाल लागतो. मनाची पाटी लावलेलं दार भर वाडीत कोण ढकलेल? उद्घाटनाला गर्दी होईल, मग तिथे आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवतील.

गेल्या आठवड्यात इथल्या शाळेत मनाच्या प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्याला मी बसले. आशाताई, एसटीचा कंडक्टर, भजनाचे बुवा, बाजारातला सलूनवाला, मच्छीमार होडीवरचा एक तांडेल, अशी मंडळी. लोक आपलं दुखणं आधी ज्यांच्याकडे बोलतात तीच.

जोड्या लावल्या. तांडेल माझ्या वाट्याला. मी बागायतदार व्हायचं: मोहोर गळला, सोसायटीचं कर्ज थकलंय, झोप नाही. त्याने विचारलं, "काय वयनी, सगळा बरा मा?" मी म्हटलं, "बरा." खेळ खलास. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या प्रश्नातच तिचं उत्तर होतं. परत." दुसऱ्या खेपेला गडी पावसावर घसरला. तिसऱ्या खेपेला त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जमिनीकडे बघत विचारलं, "मरूचा असा मनात येता काय तुमच्या?" वर्गात पंख्याचा आवाज तेवढा. मी सोंग करत होते, तरी मला पटकन बोलता येईना.

विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मलाही होती. तसं होत नाही, हे संशोधनातून दिसलंय. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. पुढचं साधं आहे, पण अवघड. उपदेश करायचा नाही, "पोरांकडे बघ" म्हणायचं नाही. ऐकायचं. धोका वाटला तर एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं कुलपात घालून चावी दुसऱ्याकडे द्यायची, आणि डॉक्टरपर्यंत सोबत जायचं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मनःस्वास्थ्य हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला; ऑक्टोबर २०२२ पासून ती सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही.

तेव्हा इमारत नको. वीस जणांची दोन दिवसांची बुडालेली मजुरी, भाडं, जेवण, आणि बाईंची दर महिन्याची एक फेरी एवढं द्या. फेरी यासाठी, की ऐकणाऱ्यालाही कुठेतरी ओतायला लागतं.

प्रेषक: काका

वहिनी, बुवा आणि सलूनवाला मिळून मनोविकार बघणार? काही बरंवाईट झालं तर पोलीस कुणाला धरतील? पाटी नको, हे मात्र मान्य. मागच्या पाटीवर माझं आडनाव चुकलं होतं.

प्रेषक: ताई, मेलबर्न

काका, बघायचं नाहीच त्यांनी. पाय मोडला तर डॉक्टर येईपर्यंत आपण फळी बांधतो ना, तसं. ही पद्धत मुळात इथली, ऑस्ट्रेलियातलीच: २००० साली बेट्टी किचनर या नर्सबाई आणि त्यांचे पती प्राध्यापक अँथनी जॉर्म यांनी सुरू केली. मी कामावर हा कोर्स केलाय, बारा तासांचा.

त्याच्याही पुढची गोष्ट देवगडपासून जवळ, गोव्यात झाली. 'संगत' ही संस्था तिथे १९९६ पासून आहे. त्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून सरकारी आरोग्यकेंद्रांत बसवलं. नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या रुग्णांना जास्त फरक पडला.

आणि पोलिसांचं म्हणाल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात, त्याला शिक्षा नाही. वाडीत हे कुणाला माहीत नसतं. केसच्या भीतीने लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात.

प्रेषक: सचिव

पाटी रद्द. मजुरीचा हिशेब कोषाध्यक्षांकडे दिलाय. तारीख मोहोराच्या आधीची धरू, नंतर कुणी मोकळं सापडायचं नाही.

प्रेषक: काका

वहिनी, हे फक्त तुम्हाला लिहितोय. धाकटा भाऊ दोन वर्षं फोनवर "बरा आसा" याच्यापुढे जात नाही. मीही "सगळा बरा मा?" असंच विचारत आलो. यंदा बाग कराराने दिली नाही, फवारणी स्वतः करतो म्हणाला, औषधं पंपाच्या खोलीत. तुम्ही आहात तोवर एकदा त्याच्या खळ्यात जाऊन बसाल का?

प्रेषक: सचिव

काका, मेल सगळ्या यादीवर आलीय. काढून टाकू का?

प्रेषक: काका

राहू दे.

प्रेषक: वहिनी

काका, आजच दुपारी जाते. तांडेललाही सोबत नेते, दोघे शाळेत एका बाकावर होते म्हणे. घरचा जुना फोन लागत नाही, भावाचा मोबाइल नंबर पाठवा. तो मात्र यादीवर नको.