मदत हवी आहे: ऑक्सिजनच्या टाक्या सोडून एलएनजीत (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन) उतरावं का? (रबाळे एमआयडीसी)

नमस्कार मंडळी,

रबाळ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मी डिझाइन आणि टेस्टिंग बघतो. लिक्विड ऑक्सिजन, नायट्रोजनच्या दुहेरी भिंतीच्या व्हॅक्युम टाक्या, पाइप, हेच आमचं काम. कळंबोलीला एलएनजीवर चालणारा ट्रेलर बघून आल्यापासून आमच्या शेठना दुसरं काही सुचत नाहीये. त्यांना ट्रकच्या टाक्या आणि छोट्या लिक्विफॅक्शन (वायूचा द्रव करणाऱ्या) प्लांटचे कोल्ड बॉक्स, म्हणजे वायू गार करणारी यंत्रं ठेवायच्या इन्सुलेटेड पेट्या, करायचेत. "अभ्यास करून सांग" म्हणाले.

दहेज-दाभोळच्या एलएनजी टर्मिनलची उदाहरणं देऊ नका प्लीज. तिथे बोटीतून आलेल्या द्रवाचा परत वायू करतात. द्रव होतो तो कतारसारख्या ठिकाणी. मला उलट्या दिशेचं, लहान प्रमाणावरचं काम हवंय. गेलने २०२४ मध्ये मध्य प्रदेशात विजयपूरला दिवसाला ३६ टनांचा प्लांट सुरू केला, तसलं.

थंडीची धास्ती नाही. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर सांभाळतो, एलएनजी उणे १६२. बाहेरच्या कवचावर घाम धरला की व्हॅक्युम गेला, हे आमचा हेल्परही लांबून ओळखतो. अडतं ते सेफ्टी व्हॉल्व्हपाशी. नायट्रोजन फुस्स करून गेला तर कुणी मान वर करत नाही. इथे मिथेन सुटणार, म्हणजे आगीचा धोका आणि वर हवामानाचं नुकसान. गणपतीत ड्रायव्हर गावी गेला आणि गाडी आठवडाभर उन्हात उभी राहिली तर आतला द्रव उकळून प्रेशर चढणारच. प्रत्यक्षात कसं सांभाळतात?

दुसरं, बायोगॅस. त्यातला कार्बन डायऑक्साइड जवळपास पूर्ण काढावा लागतो, नाहीतर एक्स्चेंजरमध्ये (वायू गार करणाऱ्या यंत्रात) गोठून बसतो. सीएनजीसारखा दाबून विकायला एवढी सफाई लागत नाही. मग द्रव करायच्या भानगडीत कोण पडेल?

तिसरं, खरी धाकधूक: पंधरा वर्षांनी ट्रक बॅटरीवर गेले तर? शेठ म्हणतात, "तेव्हा हायड्रोजन करू." पण तो उणे २५३ चा! एक किलो द्रव करायला दहा युनिटच्या वर वीज जाते. मोठ्या एलएनजी प्लांटमध्ये किलोला अर्ध्या युनिटच्या आत भागतं. आमचं कसब तिकडे किती कामी येईल?

प्रतिसाद

तळोज्यात एअर सेपरेशनमध्ये (हवेतून ऑक्सिजन, नायट्रोजन वेगळे करण्याच्या कामात) बरीच वर्षं काढली आहेत. हायड्रोजनच्या भरवशावर आज मशीन घेऊ नका, पण माणसं तयार करा. ९ टक्के निकेलचं स्टील एलएनजीला चालतं, हायड्रोजनला नाही. तुम्ही ३०४ एल, ३१६ एल ही स्टेनलेस स्टीलं सोडू नका. दोन भिंतींमध्ये पर्लाइटची भुकटी भरण्यापेक्षा मल्टिलेयर इन्सुलेशन (चकचकीत फॉइलचे थर) गुंडाळण्यावर हात बसवा. हायड्रोजनच्या लाइनला इन्सुलेशन कच्चं राहिलं तर बाहेरची हवाच द्रव होऊन टपकते, आणि त्या थेंबांत ऑक्सिजन जास्त असतो. त्या तापमानाला नायट्रोजन गोठतो, म्हणून पर्जला (लाइनमधली हवा हुसकून लावायला) शेवटी हीलियमच.

उभ्या गाडीचं उत्तर सोपं आहे. टाकी प्रेशर किती दिवस धरून ठेवते ते आधी मोजून लिहून द्या. एलएनजी रोज पळणाऱ्या गाडीसाठीच आहे. हंगामी धंदेवाल्याला विकूच नका. आणि बेलापूरला पेसोच्या (अशा टाक्यांना मंजुरी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) ऑफिसात ड्रॉइंग घेऊन आधीच जाऊन या, प्लेट कापल्यावर नको.

धागाकर्ता

आभारी आहे दादा. हीलियम लीक डिटेक्टर आहे आमच्याकडे. मल्टिलेयर गुंडाळायला शिकवणारं ठाणे-नवी मुंबईत कुणी आहे का? दोन पोरं पाठवायची तयारी आहे.