मदत हवी आहे: वडिलांच्या फर्ममध्ये माझे नाव, कार्यालयाने खुलासा मागितला आहे

मुळामुठा:
वडील गेल्यावर थोरल्या भावाने नवे भागीदारीपत्र केले आणि त्यात मला २० टक्क्यांचा भागीदार दाखवले. मी धंद्याच्या जागी पाऊलही ठेवत नाही. कोणीतरी निनावी अर्ज केल्यामुळे मला सात दिवसांत खुलासा द्यायचा आहे आणि त्यांपैकी तीन दिवस संपले. वारशाने आलेला हिस्सा म्हणजे व्यापार होतो का, एवढेच सांगावे. 'वकील गाठा' हे उत्तर कृपया नको.

हिशेबनीस:
धंदा कोणता, आपले खाते कोणते आणि पूर्वपरवानगी घेतली होती का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. शिवाय हा वारसा नव्हे. भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. वारसाला मिळतो तो हिश्श्याचा पैसा. भागीदार आपण स्वतःच्या सहीने झालात.

पेठेतला:
एवढा काथ्याकूट कशाला? हिस्सा सौभाग्यवतींच्या नावावर करावा. माझ्या मेव्हण्याने तेच केले, आजवर कोणी विचारले नाही.

निवृत्त शाखा अभियंता:
कोणी विचारले नाही म्हणून ते नियमात बसले असे होत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम १६ प्रमाणे कुटुंबातील व्यक्ती व्यापार करत असेल तर तेही शासनाला कळवावे लागते, आणि पत्नीच्या एजन्सीसाठी शब्द टाकणे हाच नियमभंग समजला जातो.

पेठेतला:
नियम पुस्तकात असतात, साहेब.

सजग हडपसर:
महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला नगरसेवक अपात्र ठरतो. याच्या अंमलबजावणीवर कोणीच का बोलत नाही?

हिशेबनीस:
धागाकर्ते नगरसेवक नाहीत.

मुळामुठा:
मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता आहे. ते लिहिले आहे असे मला वाटले होते. फर्मचा वाघोलीला खडी क्रशर आहे. परवानगी घेतलेली नाही. आता तरी उत्तर द्या.

निवृत्त शाखा अभियंता:
मग तुम्हाला १९७९ चे नव्हे, तर जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू होतात. खुलाशात चुकीच्या नियमाचा आधार घेऊ नका. खासगी व्यापारावरील निर्बंध तेथेही आहेत. मात्र मला वेगळीच शंका आहे: तुमच्या क्रशरची खडी कोणाच्या कामावर जाते?

मुळामुठा:
दोन रस्त्यांच्या कामांवर ठेकेदार आमची खडी वापरतो. त्या कामांची एमबी (मोजमापाची नोंदवही) मी लिहितो. पण दर ठेकेदाराने आणि भावाने ठरवला, मी नाही.

निवृत्त शाखा अभियंता:
हीच गोष्ट पहिल्या दिवशी लिहायला हवी होती. परवानगीविना भागीदारी ही एक चूक; पण ज्या खडीच्या नफ्यात आपला पाचवा हिस्सा आहे, तिच्याच थराची जाडी मोजून आपणच सही करणे हे त्याहून गंभीर आहे, मग मोजणी इंच-इंच खरी का असेना. माझ्या नोकरीत एका सहकाऱ्याच्या भावाचा ट्रक साइटवर दिसला, तेवढ्यावरून चौकशी दोन वर्षे चालली. आजच उपअभियंत्यांना लेखी कळवून ती कामे दुसऱ्याकडे देण्याची विनंती करा, आणि खुलाशात हे आपणहून सांगा.

हिशेबनीस:
भागीदारीतून निवृत्त होताना केवळ भावाशी करार पुरेसा नाही. जाहीर नोटीस निघेपर्यंत त्रयस्थांच्या दृष्टीने आपण भागीदारच राहता. फर्म नोंदणीकृत असल्यास निबंधकांकडे बदल नोंदवा, आणि जीएसटी नोंदणीतील दुरुस्तीही १५ दिवसांत करा. मागील तारखेचा कागद मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०२ मध्ये लोकसेवकाच्या बेकायदा व्यापाराला एक वर्षापर्यंत साधी कैद आहे. त्यात बनावट दस्तऐवजाची भर नको.

पेठेतला:
मागची तारीख घालायला मी सांगितले नव्हते.

मुळामुठा:
पत्र आज दिले. भाऊ संतापला आहे, त्याचे म्हणणे आहे की मी त्याला चोर ठरवले.

निवृत्त शाखा अभियंता:
पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतलात का?